सरकी, पळस आणि निंब : वनस्पतिजन्य गर्भनिरोधकाच्या शोधाची चार दशके

वनस्पतींच्या अर्कांतून सुरक्षित, स्वस्त आणि पोटात घेता येईल असे गर्भनिरोधक मिळवण्याचा संघटित प्रयत्न भारतात साधारणपणे १९५० ते १९९० या चार दशकांत झाला. मुंबई, कलकत्ता, लखनौ, बनारस, दिल्ली, जयपूर आणि चंडीगड येथील प्रयोगशाळांनी या काळात शेकडो देशी झाडाझुडपांची मुळे, साली, फुले आणि बिया वाटून, उकळून, निरनिराळ्या द्रावकांत भिजवून त्यांचे अर्क उंदरांना पाजले, आणि त्यांपैकी बऱ्याच अर्कांनी उंदरांमध्ये गर्भधारणा रोखलीही. असे असून पोटात घेण्याचे एकही वनस्पतिजन्य औषध राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रमात दाखल झाले नाही. हे का घडले याचे उत्तर वनस्पतींच्या गुणधर्मांत जितके आहे तितकेच ते प्रश्न मांडण्याच्या पद्धतीत आहे, आणि म्हणून हा इतिहास केवळ औषधशास्त्राचा राहत नाही. स्त्रियांची गरज एका बाजूला आणि त्या गरजेला शास्त्राने दिलेले रूप दुसऱ्या बाजूला, यांच्यातील अंतराचाही तो इतिहास आहे.

या शोधातील बहुतेक महत्त्वाच्या वनस्पती ज्या भूभागात रोजच्या नजरेला पडतात, त्यांपैकी एक आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथचा परिसर होय. पैनगंगेच्या दक्षिणेची ही काळी जमीन कापसाची आहे. शेताच्या बांधावर पळस आणि कडुनिंब, कुंपणावर गुंजेचे वेल, परसात जास्वंद आणि पपई, असे येथील सामान्य दृश्य. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा सुरू होतो, आणि मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी या चार भाषांचा वावर या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जैनथच्या काळ्या दगडी मंदिरातील परमार राजा जगद्देवाच्या काळच्या संस्कृत शिलालेखात निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे, देवालय लोलार्क नावाच्या अधिकाऱ्याची पत्नी पद्मावती हिने उभारल्याची नोंद आहे. माळव्याच्या राजकुळाचा हात अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधिकाळात येथवर पोचल्याचा तो पुरावा मानला जातो. पुढे हा मुलूख निजामाच्या राज्यात राहिला, १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर भारतात आला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मराठी प्रदेशाला जोडले जाऊन उरलेला भाग आंध्र प्रदेशात गेला. सीमा बदलली तरी पिके, झाडे आणि बायकांच्या तोंडची औषधे बदलली नाहीत. १९९० च्या दशकाच्या आरंभी टी. रविशंकर आणि ए. एन. हेन्री या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आदिलाबाद जिल्ह्यातील लोकवनस्पतिज्ञानाची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा प्रयोगशाळांतील गर्भनिरोधकाचा शोध जवळजवळ ओसरला होता. खरे तर अशी पाहणी प्रयोगशाळांच्या आधी व्हायला हवी होती.

गर्भाविषयीचे वनस्पतिज्ञान प्रयोगशाळेत पोचण्यापूर्वी दोन निराळ्या प्रवाहांतून वाहत आले होते. पहिला प्रवाह ग्रंथांचा. भावप्रकाश, योगरत्नाकर यांसारख्या उत्तरकालीन आयुर्वेदीय ग्रंथांत गर्भ राहू नये म्हणून घेण्याचे काही योग दिलेले आहेत, आणि त्यांतला पिंपळी, वावडिंग व टाकणखार यांचा योग विसाव्या शतकात ‘पिप्पल्यादि’ या नावाने पुन्हा प्रसिद्धीस आला. दुसरा प्रवाह सुइणींचा आणि घरातल्या जाणत्या बायकांचा. तो लिहिला गेला नाही, आणि त्याचा मुख्य विषय गर्भधारणा टाळण्याचा नसून चुकलेली पाळी आणण्याचा होता. या दोहोंतला फरक पुढील संशोधनात फारसा कोणी पाळला नाही, आणि या विषयातल्या निम्म्या गोंधळाचे मूळ तेथे आहे. पाळी आणण्याचे औषध म्हणजे बहुतेक वेळा लवकरच्या दिवसांतला गर्भपात, आणि गर्भपात घडवणारी वनस्पती ही अनेकदा आईलाही विषारी असते.

एकोणिसाव्या शतकात या दुसऱ्या प्रवाहाची नोंद झाली ती बहुधा न्यायालयीन वैद्यकाच्या पुस्तकांत, म्हणजे मृत्यू घडून गेल्यावर. नॉर्मन चेव्हर्सच्या १८५६ मध्ये निघालेल्या आणि पुढे वाढवलेल्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथात लाल चित्रकाचे नाव याच संदर्भात येते. चित्रकातील प्लंबॅजिन या पिवळ्या द्रव्यावर गर्भरोधक म्हणून १९७७ साली भारतात प्रयोग झाले, तेव्हा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नोंदलेल्या विषाकडेच शास्त्र पुन्हा वळले होते. ही पुस्तके ज्या बायकांविषयी होती त्यांत विधवा मोठ्या संख्येने असत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच वास्तवाला उत्तर म्हणून, आणि १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेल्या शिक्षेवरून उठलेल्या गदारोळात बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी पुढच्या वर्षी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. जंगलातल्या मुळीची मागणी कोठून येत होती हे समजण्यासाठी औषधीकोशांपेक्षा ही दोन उदाहरणे अधिक उपयोगी पडतात.

औषधीकोशांचे काम मात्र त्याच काळात पश्चिम भारतात जोमाने चालले होते. मुंबईचे डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांनी १८७९ मध्ये मुंबईच्या बाजारातील औषधींची सूची प्रसिद्ध केली, मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारताच्या वनौषधींवर ग्रंथ लिहून पुढे वॉर्डन आणि हूपर यांच्यासह ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ सिद्ध केला, आणि के. एम. नाडकर्णी यांच्या १९०८ च्या पुस्तकातून पुढे ‘इंडियन मटेरिया मेडिका’ हा मोठा कोश उभा राहिला. या कोशांत ‘आर्तवजनन’ म्हणजे पाळी आणणारी, ‘गर्भपातक’ आणि ‘वंध्यत्वकारक’ अशी विशेषणे एकेका वनस्पतीला एका ओळीत लावलेली असत. ती कोणत्या गावच्या, कोणत्या बाईच्या, कोणत्या अनुभवावरून आली हे सांगण्याची पद्धत तेव्हा नव्हती. पुढे प्रयोगशाळांनी तपासण्यासाठी वनस्पती निवडल्या त्या बव्हंशी याच ओळींवरून.

संततिनियमनाचा आधुनिक विचार मराठीत आणणाऱ्यांनी वनस्पतींचा मार्ग धरला नाही, हेही नोंदवायला हवे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये, लंडनमध्ये मेरी स्टोप्सचे केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांचा भर ज्यांचा परिणाम समजावून सांगता येतो अशा साधनांवर होता, आणि त्या वेळच्या ज्ञानाच्या मर्यादेत ती भूमिका अधिक प्रामाणिक होती. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधने नाकारून संयमाचा पुरस्कार केला. वर्ध्यापासून जैनथ फार दूर नाही, पण संयम आणि साधने यांच्यातला तो वाद ज्यांच्याविषयी चालला होता त्या शेतमजूर बायकांच्या हाती या दोहोंपैकी काहीच नव्हते.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९५२ मध्ये भारताने सरकारी कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम घेणारा तो जगातील पहिला देश. १९५४ मध्ये मुंबईत परळला गर्भनिरोधकांच्या चाचणीसाठी ‘काँट्रासेप्टिव्ह टेस्टिंग युनिट’ स्थापन झाले, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या छत्राखाली वाढत वाढत १९७० मध्ये त्याची ‘इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन’ ही संस्था झाली. १९५० च्या दशकात गर्भनिरोधक गोळी उपलब्ध नव्हती. पोटात घेण्याचे साधन हवे तर ते देशी वनस्पतींतून मिळेल, ही आशा त्या काळात भाबडी नव्हती. अमेरिकेतील नेवाडा भागाच्या शोशोनी आदिवासींत गर्भ राहू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या ‘स्टोनसीड’ या वनस्पतीच्या अर्काने उंदरांचे प्रजननचक्र थांबते, असे १९४० च्या दशकात दिसून आले होते, आणि आदिवासींचे ज्ञान थेट प्रयोगशाळेत खरे ठरल्याचे ते उदाहरण सर्वत्र सांगितले जात होते.

कलकत्त्याचे डॉ. एस. एन. सन्याल यांनी याच सुमारास वाटाण्याकडे लक्ष वेधले. तिबेटची लोकसंख्या शतकानुशतके स्थिर राहिली याचे कारण तेथील आहारातला वाटाणा असावा, या तर्कावरून त्यांनी वाटाण्याच्या तेलातून मेटा-झायलोहायड्रोक्विनोन हे द्रव्य वेगळे केले आणि १९५० च्या दशकात त्याच्या कुप्या स्त्रियांना देऊन पाहिल्या. गर्भधारणेचे प्रमाण निम्म्याच्या आसपास घटल्याचे त्यांचे निष्कर्ष होते. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा परिणाम उत्साहवर्धक होता, पण ज्या बाईला सहावे मूल नको होते तिच्या दृष्टीने निम्मा भरवसा म्हणजे भरवसाच नव्हे. हे औषध पुढे सरकले नाही.

वनस्पतींनी जगाला गोळी दिली ती निराळ्याच वाटेने. रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील रानटी कंदांतून, म्हणजे डायोस्कोरिया या आपल्याकडच्या गोराडू-कोनफळाच्या वंशातील वेलींतून, डायोसजेनिन काढून त्यापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवण्याची रीत १९४० च्या दशकात शोधली. गर्भाशयाला गर्भधारणेसाठी तयार करणारे आणि बाहेरून दिल्यास बीजोत्सर्ग थांबवणारे हे द्रव्य तोवर अत्यंत महाग होते. १९५१ मध्ये मेक्सिको शहरातील सिंटेक्स कंपनीत कार्ल जेरासी आणि सहकाऱ्यांनी नॉरएथिनड्रोन तयार केले आणि १९६० मध्ये अमेरिकेत पहिल्या गोळीला मान्यता मिळाली. या प्रकारात झाड म्हणजे कच्चा माल. औषधाचा गुण कंदात नसून कारखान्यातल्या रासायनिक प्रक्रियेत होता. भारतीय संशोधकांची आकांक्षा याहून वेगळी होती. झाडातच असलेला गुण, शक्यतो अर्काच्या रूपात, गावातल्या बाईपर्यंत कमी खर्चात पोचवावा, असा त्यांचा विचार होता.

या आकांक्षेला पद्धतशीर रूप १९६० च्या दशकात मिळाले. औषधशास्त्रज्ञ रणजित रॉय चौधरी यांनी गर्भरोधक गुण असण्याची शक्यता असलेल्या वनस्पतींचा आढावा १९६६ मध्ये वैद्यक संशोधन परिषदेच्या विशेष अहवालातून मांडला, आणि लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने भारतीय वनस्पतींच्या जैविक चाचण्यांचा मोठा कार्यक्रम हाती घेऊन १९६८ पासून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध करायला सुरुवात केली. चाचणीची रीत सर्वत्र जवळजवळ एकच होती. पांढऱ्या उंदरांच्या नर-माद्या एकत्र ठेवायच्या. सकाळी मादीच्या योनिस्रावात शुक्राणू दिसले की तो गर्भाचा पहिला दिवस धरायचा. त्यानंतर साधारण आठवडाभर रोज ठरलेल्या मात्रेत अर्क पाजायचा. आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास पोट उघडून गर्भाशयात किती ठिकाणी गर्भ रुजले आहेत हे मोजायचे. फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजण्याच्या या क्रियेला गर्भरोपण म्हणतात. अर्क दिलेल्या माद्यांत रोपणे आढळली नाहीत किंवा फार कमी आढळली, तर तो अर्क ‘रोपणरोधक’ ठरे, आणि शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘गर्भरोधक गुण’ असे शब्द येत.

या रीतीने यशस्वी ठरलेल्या वनस्पतींची यादी वाचताना जैनथच्या बांधाची आठवण होते. १९७४ मध्ये बोधनकर, गर्ग आणि माथुर यांनी पाच देशी वनस्पतींचा उंदरांच्या आरंभीच्या गर्भावर होणारा परिणाम मांडला. पुढे पळसाच्या बियांतून वेगळ्या केलेल्या ब्युटिन या द्रव्याचा रोपणरोधक परिणाम १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. बनारस हिंदू विद्यापीठात खोलकुटे, मुद्गल आणि देशपांडे यांनी १९७६ मध्ये देशी औषधींची चाचणी प्रसिद्ध केली आणि तेथेच जास्वंदीच्या फुलांच्या बेंझिन-अर्कावर दीर्घकाळ काम झाले. मुंबईत परळच्या संस्थेतून मुनशी, शेट्ये आणि नायर यांनी १९७७ मध्ये तीन देशी वनस्पतिकल्पांचा गर्भरोधक गुण तपासला. ही यादी आणखी कितीही वाढवता येईल; तिच्या लांबीवरून मात्र शोध पुढे सरकत होता असे समजणे चुकीचे ठरेल.

अडचण चाचणीच्या गाभ्यातच होती. उंदराच्या मादीत फलित बीज रुजण्यासाठी गर्भाच्या चौथ्या दिवशी बीजांडकोशातून इस्ट्रोजेन या संप्रेरकाची नेमकी आणि अल्प मात्रा सुटावी लागते. त्याआधी किंवा त्याहून अधिक इस्ट्रोजेन मिळाले तर बीज नलिकेतून वेळेआधी खाली येते किंवा अस्तराची तयारी बिघडते, आणि गर्भ रुजत नाही. वनस्पतिसृष्टीत इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम करणारी द्रव्ये विपुल आहेत. कडधान्यांत आणि गवतांतही ती सापडतात. साहजिकच असा कोणताही अर्क पुरेशा मात्रेत पाजला की उंदरात रोपण थांबलेले दिसे, आणि ब्युटिनसह अनेक द्रव्यांचा परिणाम अखेर इस्ट्रोजेनसारखाच निघाला. मानवी स्त्रीत रोपणाची रचना वेगळी असून ते इस्ट्रोजेनच्या अशा एका झोतावर अवलंबून नाही. म्हणून उंदरात शंभर टक्के यशस्वी ठरलेला अर्क स्त्रीत काहीच करणार नाही, किंवा जे करील ते गर्भनिरोध नसेल, ही शक्यता पहिल्यापासून मोठी होती. चाचणी स्वस्त होती, जलद होती आणि आकडे देत होती. त्यामुळे ती टिकली. शिवाय एकाच झाडाचा अर्क वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या मातीतून आणि वेगवेगळ्या द्रावकात काढला की त्याचे बळ बदलते. एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीला मिळत नसे तो यामुळेच.

ग्रंथोक्त योगांचे काय झाले याचे उदाहरण पिप्पल्यादि योगात मिळते. वावडिंगातील एम्बेलिन या नारिंगी द्रव्याचा प्रजननावरील परिणाम आधीच तपासला गेला होता, आणि हा योग सरकारी संस्थांच्या देखरेखीखाली स्त्रियांनाही देऊन पाहण्यात आला. येथे एक प्रश्न मात्र उशिरा विचारला गेला. कोणतेही गर्भनिरोधक काही स्त्रियांत अयशस्वी ठरतेच, आणि गर्भ राहिला आहे हे कळेपर्यंत ती स्त्री औषध घेतच असते. त्या गर्भाचे काय होते? २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या वटीच्या परिणामाखाली उंदरांच्या गर्भातील पिल्लांचे वजन आणि लांबी घटल्याचे आढळले, आणि २००७ मध्ये परळच्या संस्थेतील संशोधकांनी गर्भावस्थेत या योगाच्या संपर्कात आलेल्या उंदरांच्या पुढील वाढीचा आणि प्रजननाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शतकानुशतके वापरात आहे म्हणून निर्धोक आहे, हा युक्तिवाद येथे पुरा पडत नाही. शतकानुशतके कोणी जन्मलेल्या मुलांचे वजन औषधाशी जोडून लिहून ठेवले नव्हते.

या सर्व इतिहासात एकच वनस्पती अशी आहे की जिचा गुण उंदरांत नव्हे, तर माणसांत प्रथम दिसला. ती म्हणजे कापूस. कापसाच्या मुळाच्या सालीचा उपयोग पाळी आणण्यासाठी अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलाम स्त्रिया करत होत्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती साल अमेरिकी औषधसंहितेतही आली. सरकीचा प्रकार त्याहून निराळा. सरकीच्या गरात बारीक काळपट ठिपके दिसतात. त्या ग्रंथींत गॉसिपॉल हे पिवळे द्रव्य असते. पोलिश रसायनशास्त्रज्ञ लेऑन मार्खलेव्स्की याने ते १८९९ मध्ये स्फटिकरूपात वेगळे करून त्याला नाव दिले. किडींपासून बीजाचे रक्षण करणे हे झाडाच्या दृष्टीने त्याचे काम. चीनच्या ज्यांगसू प्रांतातील वांग नावाच्या खेड्यात लोकांनी सोयाबीनच्या तेलाऐवजी घाण्यावर कच्चे काढलेले सरकीचे तेल खायला सुरुवात केल्यावर कित्येक वर्षे मुले जन्मली नाहीत, ही हकीकत ल्यू बाओशान यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे तेथील इतर कापूसपट्ट्यांतही तरुणांत अशक्तपणा आणि वंध्यत्व एकत्र आढळले, आणि शोध गॉसिपॉलपर्यंत पोचला. १९७२ पासून चीनमध्ये ८,००० हून अधिक पुरुषांना गॉसिपॉलच्या गोळ्या देण्यात आल्या. शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ सर्वांत थांबली, कामेच्छा कायम राहिली, आणि १९७८ मध्ये निष्कर्ष बाहेर आले तेव्हा पुरुषांची गोळी हाती आल्याचा विश्वास जगभर पसरला.

तो टिकला नाही. काही पुरुषांच्या रक्तातले पोटॅशियम घसरून स्नायूंना लुळेपणा आला, आणि औषध थांबवल्यावरही सुमारे दहा टक्के पुरुषांत शुक्राणू परतले नाहीत. शुक्राणू थांबवणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत पुरेसे अंतर नव्हते. १९८६ च्या सुमारास चीनने चाचण्या आवरल्या आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही गॉसिपॉलचा पाठपुरावा न करण्याची शिफारस केली.

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकला, तरी वांग खेड्याचा अनुभव येथे का आला नाही, याची कारणे साधी आहेत. उष्णतेने आणि क्षारांनी तेल शुद्ध करताना गॉसिपॉल निघून जाते किंवा बांधले जाते. आणि या भागात सरकी ही मुख्यतः गुरांचे खाद्य राहिली. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात गॉसिपॉल प्रथिनांशी जखडले जात असल्याने दुभत्या गाई-म्हशींना नेमस्त प्रमाणातली सरकी आणि पेंड सोसते, कोंबड्यांना आणि डुकरांना सोसत नाही. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या मजुरांच्या हाताखालून जगातल्या सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या पुरुष-गर्भनिरोधकाचे ढीग दर हंगामात जात राहिले, आणि आज शास्त्राचा प्रवाह उलट्या दिशेने वाहतो आहे : अमेरिकेतील टेक्सासमध्ये कीर्ती राठोड यांनी सरकीत गॉसिपॉल जवळजवळ नसेल असा कापूस तयार केला आणि २०१८ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने त्याच्या लागवडीला मोकळीक दिली, कारण आता हवी आहेत ती सरकीतली प्रथिने.

कडुनिंबाची कथा अधिक सौम्य आहे. निंबोळीच्या तेलात शुक्राणू निष्क्रिय होतात हे दिल्लीच्या संरक्षण शरीरक्रियाविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवले, आणि राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे डॉ. जी. पी. तलवार यांच्या गटाने निंबाच्या अर्कावर प्राण्यांत प्रयोग करून पुढे ‘प्रनीम’ हा बाह्य वापराचा कल्प सिद्ध केला, ज्यात निंबाबरोबर रिठ्यातील साबणासारखा फेस देणारी द्रव्ये आणि क्विनीन होते. येथे पोटात काही घ्यायचे नव्हते, रक्तात काही जायचे नव्हते, आणि परिणाम उंदराच्या संप्रेरकचक्रावर अवलंबून नव्हता. शुक्राणूवर थेट होणारा तो परिणाम काचेच्या पट्टीवरही दिसत होता. म्हणूनच या गटातला हा कल्प सर्वांत पुढे गेला. पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने प्रनीमच्या गोळीची पहिल्या टप्प्यातील सुरक्षितता-चाचणी स्त्रियांमध्ये घेतली आणि ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर प्रश्न गर्भनिरोधाइतकाच एचआयव्हीच्या संसर्गापासून बचावाचाही झाला होता. पपईच्या बियांचा जयपूरला डॉ. एन. के. लोहिया यांच्या गटाने केलेला अभ्यासही याच उत्तरकाळातला : त्यांच्या अर्काने लंगूर माकडांचे शुक्राणू नाहीसे झाले आणि औषध थांबवल्यावर परतले, गॉसिपॉलला जे जमले नव्हते ते, पण माकडापासून माणसापर्यंतचा खर्चिक टप्पा गाठला गेला नाही.

जागतिक पातळीवरही असेच घडले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७२ मध्ये मानवी प्रजननावरील विशेष कार्यक्रम सुरू केला आणि १९७६ मध्ये देशोदेशींच्या वनस्पतींतून प्रजननरोधक शोधण्यासाठी एक कृतिगट नेमला. शिकागोच्या नॉर्मन फार्न्सवर्थ यांनी संगणकावर जमवलेल्या माहितीतून आशादायक वनस्पती निवडण्यात आल्या, पण एकाही वनस्पतीतून वापरण्याजोगे औषध निघाले नाही.

१९७६ हे वर्ष भारतात दुसऱ्या कारणाने लक्षात राहिले. आणीबाणीतल्या सक्तीच्या मोहिमेत १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले, ज्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्यानंतर पुरुषांची शस्त्रक्रिया मागे पडली आणि कुटुंबनियोजनाचा भार जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांच्या शस्त्रक्रियेवर आला. अशा काळात मागे घेता येण्याजोगे, बाईच्या स्वतःच्या हाती राहणारे साधन शोधणारे संशोधक योग्य गोष्टीच्या मागे होते, हे आवर्जून म्हटले पाहिजे. त्यांची चूक हेतूत नव्हती. कोशातल्या एका ओळीवरून थेट उंदरापर्यंत जाताना मधली पायरी, म्हणजे ती वनस्पती वापरणारी बाई, वगळली गेली. ती कोणत्या महिन्यात, किती दिवस चुकल्यावर, काय आणि किती घेते, घेतल्यावर तिला काय होते, आणि ती ते पुन्हा घ्यायला तयार असते का, हे विचारणारी पाहणी प्रयोगाच्या आधी क्वचितच झाली. झाली असती तर अनेक मुळ्या गर्भनिरोधक नसून विषारी गर्भपातक आहेत, आणि बाई त्या नाइलाजाने घेते, हे पहिल्याच प्रश्नाला कळले असते. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा, ज्याचा पाया महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने घातला, त्याने या नाइलाजाचा काही भाग तरी कमी केला. वनस्पतींवरच्या कोणत्याही शोधनिबंधापेक्षा त्याने अधिक जीव वाचवले असावेत.

लखनौच्या संस्थेतून निघालेले, जगाने घेण्याजोगे गर्भनिरोधक अखेर सेंटक्रोमॅन ठरले, आणि ते पूर्णतः प्रयोगशाळेत बनवलेले, संप्रेरकरहित द्रव्य आहे. १९९१ मध्ये ते ‘सहेली’ या नावाने बाजारात आले आणि २०१६ पासून ‘छाया’ या नावाने सरकारी कार्यक्रमात मोफत मिळू लागले : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. पळस, जास्वंद, वावडिंग आणि कापूस यांचे अर्क जेथे चाचणीच्या टेबलावरून परत गेले, त्याच औषध संशोधन व्यवस्थेतली, तशाच उंदरांवर पण पुढे स्त्रियांवरील वर्षानुवर्षांच्या चाचण्यांतून पार झालेली ही गोळी, आज आशा कार्यकर्तीच्या पिशवीतून गावोगावी जाते.